पावणेदोन वेढे

बोट्सफ्योर्डच्या धक्क्यावर, लाकडी शेडमध्ये
आई दोरी भरायची.
तीनशे वाव दोरी, चारशे गळ,
गळागळाला बांगड्याचा तुकडा,
आणि हे सगळं एका टबात,
वेटोळ्यावर वेटोळं, गळांची टोकं काठाशी.
"कोंबली की मावतेच," ऑगोट म्हणायची
(आईला मी नावानंच हाक मारायचे),
"सुटली पाहिजे. धावत्या बोटीवरून, काळोखात,
एकही गळ दुसऱ्यात न अडकता."

आता मी ट्रॉम्सोला, तिसऱ्या मजल्यावर
विद्यार्थ्यांना सांगते: एका पेशीत दोन मीटर धागा,
दुपदरी, पीळ उजवा,
आणि त्याचं घर
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान.
आठ प्रथिनांचं एक रीळ,
त्याला पावणेदोन वेढे, तेही पुरते नाहीत,
मग थोडा मोकळा धागा, मग पुढचं रीळ.
अशी कोटींनी रिळं.
मुलं आकडे उतरवून घेतात.
मला टब दिसतो.

वाचायचं असेल तेवढंच उघडतं.
रीळ जरा सरकतं, धागा सैल होतो,
वाचून झालं की मिटतो.
ऑगोटच्या भाषेत, भरलेली दोरी.

काल प्रात्यक्षिकाला कुणी गाल खरवडून देईना
म्हणून मीच दिला.
रंग चढला, भिंग लावलं:
केंद्रकाच्या भिंतीला टेकून एक काळा ठिपका.
बाईच्या पेशीत दोन एक्स, त्यांतला एक
असा मिटून कडेला बसतो, जन्मभर.
कुठला मिटायचा, आईचा की बापाचा,
हे गर्भात, पेशी शेदोनशे असतील तेव्हा
जिनं तिनं आपापलं ठरवलं;
पुढे लेकींनी, नातींनी तो शब्द मोडला नाही.

मी चार महिन्यांची होते तेव्हा बापाची बोट गेली.
घरात फोटो नव्हता. ऑगोट विषय काढायची नाही.
फक्त दोरीला गाठ पडली
की एक शिवी हासडायची, त्याच्या गावच्या बोलीत.

ठिपक्यावरून कळत नाही, कोण बंद आहे.
या पेशीत तो असेल, शेजारच्या पेशीत ती.
म्हणजे माझ्या गालात कुठे कुठे
ऑगोट गप्प आहे
आणि तो बोलतोय,
चाळीस वर्षं, मला ऐकू न येता.

"काय दिसतंय?" मुलांनी विचारलं.
मी भिंगापासून बाजूला झाले.
"बघा," म्हटलं. "टेबलाला धक्का लागू देऊ नका."