साक्षीदार क्रमांक दोन

बेलापूरला, कोकण भवनाच्या कुंपणाला टेकून माझं टेबल.
वर निळी ताडपत्री, खाली प्रिंटर,
कागदांवर खाडीतला एक दगड.

अकरा महिन्यांचे करार दिवसाला सात-आठ होतात.
‘उभयपक्षी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’
हे मशीनमध्ये आधीच असतं.
मी फक्त नावं बदलतो.

चांगुणा मढवी आली दुपारी दीडला.
पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी,
तिच्यात सासऱ्याचं संमतीपत्र.
जांभळा अंगठा, नुसताच डाग;
मिठागरात झिजलेल्या बोटाला
रेषा कुठून येणार?

वाचून दाखवलं होतं का त्यांना?
“वाचला असंल. वारा व्हता त्या दिशी.”

मग तीच म्हणाली,
“माजा अंगठा नाय त्याच्यावर.
मंग मी कशी बांधली गेली?”

मी शिकलेला. म्हणालो, मावशी,
नळाचं पाणी पिता, रस्त्याने चालता,
मतदानाला जाता,
म्हणजे होकारच झाला की.

“पानी तं बगलापन पितं.
त्याची घेतली सही?”

आणि नसेलच पटत, तर...
इथे मी थांबलो.
पुढचं वाक्य ‘निघून जावं’ असं होतं,
आणि ती बघत होती त्या बाजूला
इमारती होत्या, इमारतींमागे रस्ता,
रस्त्यामागे खाडी.

अर्ज टाइप केला. भूखंड, फाइल क्रमांक,
तीन स्मरणपत्रांच्या तारखा.
शेवटी मशीनने आपणहून लिहिलं:
आपली विश्वासू.

“ह्या काट.”
असंच लिहितात, मावशी.
“कुनी ठरवला?”

बावीस वर्षं लिहितोय.
कधी विचारलं नव्हतं.

मग काय लिहू?
तिने पदराने चष्मा पुसला. घाई नव्हती तिला.
“हजर, लिव.
चांगुणा मढवी, हजर.”

सही तिने स्वतः केली,
साठीनंतर शिकलेली, पेन दाबून.
सगळं नाव झाल्यावर मागे येऊन
‘चा’वरचा टिंब दिला.

सोबतच्या हमीपत्राला साक्षीदार दोन लागतात.
एक नातू, प्रणीत, मोबाइलवरून मान वर न करता.
दुसरं कोणी नव्हतं. मी केली.
कशाचा साक्षीदार,
हे लिहायला त्या रकान्यात जागा नसते.

खिडकीवरून ती शिक्का घेऊन आली: ‘मिळाले’.
खाली तारीख, त्याखाली वाचता न येणारी आद्याक्षरं.
तो तिने पिशवीतल्या पिशवीतल्या पिशवीत ठेवला.

पुढचं गिऱ्हाईक सानपाड्याचा भाडेकरू.
म्हणाला, वाचून कशाला दाखवता,
कुठे सही करू तेवढं सांगा.

मी पंखा बंद केला.
तरी कागद हलतच होता.