मधलं पान

वाळवीने बोर्डावरचा शेवटचा 'य' खाल्ला
तेव्हापासून आमचं नुसतं 'वाचनाल' आहे.
तारामुंबरीच्या चढावर, बर्फाच्या कारखान्याला लागून.
सभासद एकोणचाळीस. त्यांतले अकरा वारले,
पण नावावर रेघ मारवत नाही.

निकेत कुबल सभासद नव्हता.
तो आला बंदीच्या दिवसांत,
होड्या झापांखाली, इंजिनं गोणपाटात,
घरात लोळतोस म्हणून आईने हाकललेला.
दारातच म्हणाला,
"बाई, माका वाचूचा नाय हां. आधीच सांगतंय."

म्हटलं, वाच म्हणतंय कोण?
जाळं तुणता येतं ना? मग ही पुस्तकं शिव.
एकाचे दहा रुपये. चहा वेगळा.

पहिल्या दिवशी तीन शिवली,
जाळ्याच्या सुईने, तंगूस ओवून.
एक लोणच्यांचं, एक काजूच्या रोगांचं, एक जुना दिवाळी अंक.
गाठी अशा, की पुस्तक कुजेल पण गाठ सुटायची नाही.
डोळे सुईवर. अक्षरावर चुकूनही नाहीत.

चौथं निघालं सुट्या पानांचं.
कव्हर नाही, नाव नाही,
खालचे कोपरे कसरीने खाल्लेले,
म्हणजे आकडेही गेले.
"ह्यातला आधी खयचा नि मगे खयचा?"
मी चष्मा पुसत राहिले.

मग तो जुळवायला लागला.
ह्या पानाची शेवटची ओळ, त्या पानाची पहिली.
'पायऱ्या चढताना तिला', इथे तुटलेलं.
तिला काय?
'भाकरी वाढली.' छे.
'मागून कंदील दिसला.'
हां.

ओठ हलत होते. बोट ओळीखालून सरकत होतं,
ओहोटीला खाडीच्या तोंडाशी
होडीचा तळ वाळूला घासतो तसं,
थांबून, रेटून, पुन्हा थांबून.
चहावर साय धरली.
लाईट गेली तेव्हा गठ्ठा उचलून
तो उंबऱ्यावर जाऊन बसला.

पाच दिवस. दहा रुपयांसाठी पाच दिवस!
सहाव्या दिवशी टेबलाशी येऊन उभा.
"बाई, एक पान नाय."
असेल रे तिथेच कुठे.
"नाय. ती दार उघडता, नि मगे एकदम सकाळ.
मधी काय झाला?"

कपाटाखाली हात घालून पाहिलं,
कोळिष्टकं निघाली, एक पंचवीस पैसे.
मग म्हणाला, दुसऱ्या पुस्तकात गेलं असेल.
आणि दुसरं उघडलं.
ते हे नव्हे, हे पहिल्या ओळीत कळलं होतं,
तरी चार पानं पुढे गेला.
मग तिसरं.

बत्तीस वर्षं मी इथे आहे.
शाळेत जाऊन भाषणं दिली, पोरं जांभया देत राहिली.
फळ्यावर सुविचार लिहिले,
त्यातल्या प्रत्येक 'व'ला कुणीतरी मिशा काढल्या.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली.
निकेत दोन पुस्तकं घेऊन गेला,
प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड तंगुसाने आवळून.
चाळिसावा सभासद. वर्गणी बाकी.
परत आली तेव्हा बांगड्याचा वास होता,
मी ती तशीच कपाटात लावली.

अजून शनिवारी चढ चढून येतो,
दारातूनच विचारतो, "गावला?"
मी मान हलवते.

टेबलाच्या खालच्या खणात,
पावतीपुस्तकाच्या आत ते पान आहे.
मीच काढलं होतं, तो चहाचा कप विसळायला गेला तेव्हा.

देईन. घाई नाही.
त्याची अजून दोन कपाटं राहिलीत.