बेचाळीस

धुकं उठेपर्यंत ग्वाल्हेरला माशीही हलत नाही.
मग मुरारच्या मोहरीत बसून
वहिनीच्या नेलपॉलिशचा थेंब
काडीनं एकेकीच्या पाठीवर.
बेचाळीस, जांभळी: निघाली ११.१०, आली १२.०४.
रोज उशीर, पण पराग मांड्या भरून.
समासात मी चुकून लिहिलं: शहाणी.

मंगळवारी कुशवाहांनी भर उन्हात फवारलं.
"संध्याकाळी मारा म्हटलं होतं ना?"
"संध्याकाळी पाण्याची पाळी, बाई.
आणि मध कधी देताय?"

पेटीपुढच्या पांढऱ्या फडक्यावर
चिमट्यानं दोनशे सतरा मोजल्या,
जिभा बाहेर आलेल्या.
जांभळा ठिपका कुठेच नाही.

रकाने दोनच: जिवंत, मृत.
पेन्सिलीनं, खोडता येईल इतपत,
मधल्या रेघेवर लिहिलं:
बाहेर गेली आहे.