कुणाचं डावं

नवा सेन्सर बसवला, तरी दिवा जळतोच आहे.
पिवळा. गोलात तीन अक्षरं,
दोन्ही बाजूंना कंस,
कुणी ओंजळीत धरून आणावं तसं
वाईट बातमीचं पिल्लू.

हॅनकॉकमध्ये नोव्हेंबरपासून रस्त्यावर मीठ पडतं.
एप्रिलपर्यंत आम्ही लोणच्यातच राहतो म्हणा ना:
गाड्या, बूट, कुत्र्यांचे पंजे.
माझी सुबारू एकोणीस वर्षं मुरलेली.

आर्विड खिडकीत. नवा खुबा, दोन कुबड्या,
तोंड मात्र जुनंच, मूळ कंपनीचं.
"कोड काय म्हणतो? पुढचं डावं. ते बघ, ते!"
काचेआडून त्याचं बोट.
मी बोटाकडे पाहिलं आणि जॅक लावला.

बोल्ट दहाचा.
तीन दिवस त्याला तेल पाजलं, गॅसची ज्योत दाखवली,
आई फक्त आडमुठ्या गाईला म्हणायची
ते फिनिश वाक्यही ऐकवलं.
चौथ्या दिवशी डोकं तुटून हातात आलं.
मग ड्रिल. मग शेजारच्या वेर्नाचं ड्रिल, कारण आमचं मेलं.
सेन्सर निघाला तुकड्या-तुकड्यांनी,
किडक्या दाढेसारखा.
नव्याचे बेचाळीस डॉलर.
वायर जुन्याच वाटेने नेली, एकही चिमटा न सोडता.
चावी फिरवली.
दिवा.

बॅटरीची तार काढून ठेवली, सौना तापेपर्यंत.
परत जोडली तर घड्याळ बारावर,
रेडिओ सगळी स्टेशनं विसरलेला,
दिवा मात्र काहीच विसरला नव्हता.
फ्यूज पाहिला. ब्रेकचं तेल पाहिलं.
"बेअरिंग गेलं असेल," खिडकी म्हणाली.
"सेन्सरच बनावट दिला तुला," खिडकी म्हणाली.

रात्री भांडी विसळत मी त्याच खिडकीशी उभी.
अंगणात गाडी, तोंड घराकडे,
दोन्ही हेडलाइट माझ्यावर रोखलेले.
मी साबणाचा डावा हात वर केला.
मग गाडीत बसल्यासारखी मनातल्या मनात वळले,
आणि हात हळूच खाली घेतला.
रोग रेड्याला, औषध पखालीला.

एकेचाळीस वर्षं आम्ही समोरासमोर बसून जेवलो.
"मीठ डावीकडे आहे" म्हटलं की
दोघांचे हात दोन दिशांना जायचे,
आणि ते कधी खटकलं नाही.
टेबल लहान होतं.

सकाळी गाडीचं स्वतःचं डावं चाक काढलं.
बोल्ट इतका सहज सुटला की मलाच लाज वाटली.
सेन्सर धडधाकट.
त्याच्या बुडाशी गंजाचा पापुद्रा, नखाएवढा जाड,
चाकाचे दात मोजणं हे ज्याचं काम
त्यालाच त्याने दातांपासून दूर रेटलेलं.
तारेचा ब्रश, कानस, बोटाला एक खरचटा.
तोच सेन्सर परत तिथेच.

चावी.
दिवा.
मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. हॉर्न वाजला.
वेर्ना कुंपणापलीकडून ओरडली,
"अगं, उभ्या गाडीत काय मोजणार तो? चालव की!"

पेल्कोनेनच्या टपालपेटीपर्यंत दिवा होता.
तिच्या पुढे नव्हता.
मी मागे वळून पाहिलं, जणू तो रस्त्यात पडला असावा.

चर्चच्या रिकाम्या आवारात निव्वळ बर्फ.
वेग घेतला आणि ब्रेक कचकन दाबला.
पेडलने तळपायाला ढुशा दिल्या, ढर्र ढर्र ढर्र,
भुकेलं वासरू देतं तशा.
गाडी सरळ रेषेत थांबली,
पाद्रीबाईंच्या फावड्याच्या चार हात अलीकडे.

उजव्या चाकात आता बेचाळीस डॉलर
विनाकारण गरगरतायत. फिरोत बापडे.

परतले तेव्हा आर्विड खिडकीतच.
त्याने अंगठा वर केला.
कुठल्या हाताचा,
ते मी या वेळी नीट पाहून घेतलं.