पुसणे

बाउबाउच्या टेकडीवर आमची शाळा,
खाली बंदर, बंदराच्या डाव्या अंगाला चिखल.
मी ला हामुंडू. एकवीस वर्षं
प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुतो
आणि शेवटची घंटा झाली की फळे पुसतो.

जीवशास्त्राचा फळा मला तोंडपाठ आहे:
पेशी, हृदयाचे चार कप्पे,
पुन्हा पेशी.
पोरं उतरवून घेतात, मी पुसतो.
पुढच्या वर्षी तेच. पोरं तेवढी वेगळी.

मग बू सार्लिना आल्या.
म्हणाल्या, पाक हामुंडू, एक बादली लागेल,
थोडी गळकी असली तरी चालेल.
बादलीत चिखल, चिखलात पाच निवट्या.
पुस्तक उघडलंच नाही.
"बघा," एवढंच म्हणाल्या
आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.
मला वाटलं, बाईंना आज बरं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. कुणी पेंगलं,
कुणी पुढच्याच्या सदऱ्यावर चिखल उडवला.
तिसऱ्या दिवशी वा नुर्मी,
जी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवते,
बादलीवर वाकली आणि म्हणाली,
"हिला पापण्या नाहीत.
मग ही डोळे मिचकावते कशाला?"

माझ्या हातात ओली नळी, तशीच थांबली.
आता बाई सांगतील. पगार त्याचाच असतो.
बाईंनी खडू उचलला आणि लिहिलं:
मला माहीत नाही.
खाली सही केली. तारीख घातली.
मला म्हणाल्या, "एवढं पुसू नका."

त्यानंतर वर्गात जे सुरू झालं त्याला
शिकवणं म्हणतात का, ते मी सांगू शकत नाही.
एक निवटी ओल्या फडक्यावर, एक कोरड्या फरशीवर.
(फरशीवरचीला दहा मिनिटांनी पाण्यात सोडायचं,
हा नियम नुर्मीचा.)
घड्याळ माझं, उसनं.
सिराजीने मोजलं: बावीस. नुर्मीने मोजलं: अकरा.
तीच निवटी, तीच मिनिटं.
तू आंधळा, तू झोपलेली, असं बरंच झालं.
मग कळलं की तो एकेक डोळा मोजत होता,
ती दोन्ही मिळून एक.
तीन दिवस भांडले, मिचकावणं म्हणायचं कशाला.
बाई मधे पडल्या नाहीत.
ओठ घट्ट मिटून बसलेल्या असायच्या,
गप्प राहणं त्यांना किती जड जातं
ते मला खिडकीबाहेरून दिसायचं.

केंदारीहून साहेब आले तपासणीला.
फळ्यावरचं वाचलं. ही सही कोणाची? माझी, बाई म्हणाल्या.
त्यांनी वहीत टिपलं: चौथा धडा बाकी.
बादलीत डोकावलेसुद्धा नाहीत.

आणि गुण? खोटं कशाला सांगू,
नुर्मीचे वाढले, सिराजीचे उतरले.
वर्षाच्या शेवटी बाईंनी एक ओळ अजून लिहिली:
कोरड्यावर जास्त. बहुतेक डोळे ओले ठेवायला.
"बहुतेक"खाली रेघ मारली.

त्या संध्याकाळी मी नळ्या वाळत घालत होतो.
काहींच्या तळाशी पांढरं कडं उरतं, काहींच्या नाही.
एकवीस वर्षं ते कडं मी नखाने खरवडतोय.
पुसता पुसता
पुसायचंच राहून गेलं होतं.

बाई दारात चपला घालत होत्या.
मी विचारलं.
त्यांनी एक पाय तसाच अधांतरी ठेवला.
"कडं उरतं त्या उभ्या ठेवलेल्या असतात की पालथ्या?"
लक्षात नाही, म्हणालो.
"एकूण किती बघितल्यात?"
मोजल्या नाहीत.
त्या काही बोलल्या नाहीत. खडू माझ्यापुढे धरला.

उद्या वीस उभ्या, वीस पालथ्या.
घड्याळ सिराजीकडून परत मागायला हवं.