एकास चारशे

गदिन्याच्या गोदीत एकतीस वर्षं
बोगुमिलनं जहाजांचे सांधे जोडले.
त्याच्या एकाही सांध्यातून समुद्र आत आला नाही,
हे तो सारखं सांगतो,
आणि ते खरंच आहे.

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
वीतभर प्लास्टिकचा मासेमारी ट्रॉलर
त्याला पाणी पाजतोय.

पहिल्याच संध्याकाळी नांगर गेला.
चिमट्यातून (माझ्याच, भुवयांच्या)
टिच् असा आवाज आला, बाकी काही नाही.
गव्हाच्या दाण्याएवढासुद्धा नव्हता तो.
मग आम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेली,
गुडघ्यांवर बसून
टॉर्चच्या उजेडात फरशी विंचरत राहिलो.
कोटाचं बटण सापडलं.
एक सुकलेला वाटाणा.
आणि युस्तिनाचा दुधाचा दात,
ज्याच्यासाठी एकोणऐंशी साली घरभर रडारड झाली होती.
नांगर नाही.
‘धक्क्याला बांधलेलं दाखव,’ मी म्हटलं,
‘नांगर हवा कशाला?’
तो हसला नाही.

मग सुकाणू उलटं बसलं.
धुराडं लवकर वाळावं म्हणून हीटरवर ठेवलं,
ते नमस्कार केल्यासारखं वाकलं.
एकदा त्यानं ब्रश चहात धुतला
आणि चहा
तरीही प्यायला.

नाव चिकटवायचं म्हणजे
अक्षरांची पट्टी पाण्यात भिजवायची,
कागदावरून अलगद सरकवायची, श्वास रोखून.
श्वास रोखणं त्याला आता जमत नाही.
खोकला आला. जहाज झालं ‘ल्बात्रोस’,
आणि ‘अ’ त्याच्या अंगठ्यावर.
दोन दिवस तो ‘अ’ घेऊन घरात वावरला,
पाव कापला, पेपर चाळला,
हात धुवायचं टाळत.

इथवरच्या चुका त्याच्या.

फेब्रुवारीत एका मंगळवारी
तो छातीचा फोटो काढायला दवाखान्यात गेला
आणि मी त्याच्या खुर्चीत बसले.
कठडा जरा कलला होता, एवढंच सरळ करायचं होतं मला.
त्या गोंदाची गंमत अशी की
तो चिकटवत नाही, वितळवतो;
वेल्डिंगच म्हण, असं बोगुमिल म्हणतो.
माझं बोट कठड्याला लागलं,
मग कप्तानाच्या खोलीच्या काचेला.
उचललं तेव्हा काचेत रेघा राहिल्या होत्या,
शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा,
सगळ्या, एकही न चुकता.
लिफ्टचा आवाज आला.
मी जहाज भिंतीकडे फिरवून ठेवलं.

चष्मा लावून तो बराच वेळ बघत राहिला.
‘लोजा,’ म्हणाला, ‘हात गेले गं माझे.’
डॉक्टर काय म्हणाले ते बोलला नाही.
मला बोलायचं होतं.
मी म्हटलं, सूप गार होतंय.

रविवारी गोदीतला विन्सेंती आला,
भिंग घेऊन बसला, म्हणाला, घासून काढ की हे,
बारीक पॉलिश कागदानं निघेल.
‘राहू दे,’ बोगुमिल म्हणाला.
‘सांध्याशेजारी आपण नंबर ठोकायचो ना,
कुणाचं काम ते कळावं म्हणून.’
विन्सेंतीनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं,
मग माझ्याकडे बघितलं.
टेबलाखाली माझी मूठ
कधी मिटली कोण जाणे.

परवा सपाता झटकताना
तळव्याच्या रबरात काहीतरी रुतलेलं दिसलं.
नांगर. हिवाळाभर
मी त्याच्यावर चालत होते.
काडेपेटीत, युस्तिनाच्या दाताशेजारी
ठेवून दिलाय.

देईन. देणारच आहे.
पण तो लावला की ट्रॉलर पूर्ण झाला,
मग टेबल पुसायचं, खिडकी लावायची,
आणि आम्ही दोघं समोरासमोर.

अजून तो जाता-येता
फरशीकडे बघत चालतो.