एक आडवी रेघ

सोहारच्या फलज भागात, पंक्चरवाल्याच्या शेजारी
आमचं टायपिंग ऑफिस.
दार उघडलं की रिफायनरीचा वास आधी आत येतो,
मग माणूस.
इंग्रजी अर्ज तीनशे बैसा, अरबी पाचशे.
रडणं फुकट.

हर्णैच्या शाळेत खांबे गुरुजी विचारायचे,
दिन म्हणजे?
दिवस, गुरुजी.
आणि दीन?
गरीब, गुरुजी.
मी एकदा उठून म्हटलं, आमच्या घरी दीन म्हणजे धर्म.
वर्ग खिदळला. गुरुजींनी छडी टेबलावर ठेवली.
म्हणाले, बस मुकादम. तुझंही बरोबर आहे.
पण वेलांटी दुसरीच.

इंग्रजीत वेलांट्या नाहीत.
तिथं अक्षरं चोरपावलांनी येतात नि जातात.
बुरैमीच्या रस्त्यावर एका हॉटेलात
एक एस गळलाय, आणि मेनूत छापलंय:
वाळवंट, आइस्क्रीमसह, दीड रियाल.
आम्ही खाल्लं. बरं होतं.
पासपोर्ट हरवल्याच्या तक्रारीत एक ओ जादा पडला,
तर शुर्त्यानं हसत विचारलं,
सैल झालाय? किती सैल?
आणि कण्णूरचा एक सुतार, त्याला तर मी मारलाच होता.
आजारी लिहायचं ते मयत लिहिलं,
अक्षरं जवळजवळ तीच. प्रिंट काढता काढता दिसलं.
तो समोरच बसला होता, खोकत.

अरबी टेबलावरचा इद्रिस सुदानी. तो म्हणतो,
आमच्यात अक्षर नाही, घसा बघावा लागतो.
आतून बोललास तर काळीज,
वरवर बोललास तर कुत्रा.

रोहिदास भुवड आला रमजानच्या आधी.
बंदरावर परांची बांधायचा. बोटांना गंज, बोलण्यात गुहागर.
भाई, करार संपतोय. अजून दोन वर्षांसाठी
परत सही करायचीय, तसं लिहा.
मी लिहिलं.
परत आणि सही, दोन्ही जोडून एकच शब्द,
मधली रेघ टाकली नाही.
रेघेवाचून तो शब्द राजीनामा होतो.
कॉम्प्युटरनं खाली लाल काही ओढलं नाही.
का ओढावं? स्पेलिंग बरोबर होतं.

नवव्या दिवशी तो कंपनीचं पत्र घेऊन आला.
राजीनामा मंजूर. पुढील वाटचालीस शुभेच्छा.
तिकीट गुरुवारचं.
मला वाटलं, गचांडी धरेल.
मी स्क्रीन फिरवली, दोन्ही शब्द मोठे करून दाखवले,
एक रेघेचा, एक बिनरेघेचा.
तो बराच वेळ बघत राहिला,
उंचावरून खालचा बोल्ट बघावा तसा.
मग म्हणाला,
मग ती रेघ आता टाका ना.

मी कंपनीत गेलो. दोनदा.
तिथली बाई वाईट नव्हती. तिनं फाइल माझ्याकडे वळवली.
त्याच्या जागी एक नेपाळी मुलगा भरला होता,
नाव, वय, रक्तगट,
सगळं बिनचूक टाइप केलेलं.
आमच्याच ऑफिसात.

बुधवारी संध्याकाळी रोहिदास पुन्हा आला.
सामानाची यादी हवी होती, कार्गोसाठी.
ब्लँकेट. दूध पावडर, दोन डबे. टॉर्च. अत्तर.
एक पाना, स्वतःच्या पैशांनी घेतलेला.
तीनशे बैसा काउंटरवर ठेवले.
मी हात मागे घेतला.
घ्या भाई, म्हणाला. यादीत चूक नाही ना?
मी वरून खालपर्यंत वाचली.
नाही.
मग घ्या.

तो गेल्यावर इद्रिसनं उरलेली प्रत उचलली
आणि विचारलं, हे काय केलंस?
प्रत्येक वस्तूच्या आधी, नंतर,
दोन डब्यांच्या मध्ये,
रोहिदास आणि भुवड यांच्या मध्येसुद्धा
मी एकेक आडवी रेघ टाकली होती.